गिअरपेटीतली निळी नाडी

नावाड्याचं मशीन जिन्याखालून बाहेर निघालं त्या दिवशी मिस्त्रींना जेवण गेलं नाही.

नावाडी म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा पहिला नवरा. खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर माणसं नेण्याचं काम करायचा, आणि ऐन तारुण्यात आजारपणात गेला. मिस्त्री ह्या गावात आले तेच मुळी तो गेल्यानंतर. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, त्याच्याशी चार शब्द बोललेले नव्हते, त्याने ह्यांचं काही घोडं मारलेलं नव्हतं. तरी त्याचा विषय निघाला की मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडायची ती पडायचीच.

बायकोला हे ठाऊक होतं. लग्न नवं असताना एकदा ओट्याशी उभी राहून ती सहज म्हणाली होती, "त्यांच्या वेळी की नाही, एकदा काय झालं..." आणि मिस्त्री भरल्या ताटावरून उठले होते. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मिस्त्रींना आधी वाटलं, बरं झालं, विसरली. मग वाटायला लागलं, विसरली कसली, मनात जपून ठेवलंय. आणि एकदा असं वाटायला लागलं की माणसाला कशातही पुरावा सापडतो. ती खिडकीतून पाण्याकडे बघत बसली की ह्यांना वाटायचं, त्यालाच आठवतेय. ती गुणगुणत कपडे वाळत घालायला लागली तरी ह्यांना वाटायचं, आज काय आठवलंय कोण जाणे. बायको बिचारी वाळत घालायचे चिमटे शोधत असायची.

घरात तिसरी ठकू. ठकू नावाड्याची मुलगी. मिस्त्रींनी हिला सांभाळायला घेतलं तेव्हा तिला बुटांची लेस बांधता येत नव्हती. ती त्यांनी शिकवली. सायकल त्यांनी शिकवली. आई माहेरी गेली की वेण्या तेच घालायचे, एक वर एक खाली, आणि ती तशाच मिरवत शाळेत जायची. आजारी पडली तर हाक मारायची तीही त्यांनाच. पण हाक असायची 'काका' अशी. 'बाबा' हा शब्द तिने दुसऱ्या माणसासाठी राखून ठेवला होता, आणि त्या माणसाचा चेहरा तिला धड आठवतही नव्हता. ह्या गोष्टीचं मिस्त्रींना किती लागायचं ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

आता ठकू शिकून सवरून शिक्षिका झाली होती आणि नेमणूक मिळाली होती पलीकडच्या काठावरच्या शाळेत. जाण्यायेण्याची बोट सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. चुकली की दिवस फुकट. शेवटी तिने एक जुनी होडी घेतली, चांगली टणक, फक्त मशीन नसलेली. ही बातमी ऐकून मिस्त्री मनातून उड्या मारायला लागले. बोटींची मशीनं दुरुस्त करणं हाच तर त्यांचा धंदा. धक्क्याजवळ त्यांची पत्र्याची शेड होती. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराचं चित्र काढलेलं आणि त्यावर तो तो पाना लटकवलेला, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, सगळीकडे रॉकेल आणि ग्रीस यांचा वास. त्या शेडमध्ये त्यांनी गपचूप एक मशीन ठकूसाठी तयार करायला घेतलं. सगळं नवं घातलं, वर हिरवा रंग दिला, कारण ठकूला हिरवा आवडतो, आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. रविवारी ती आली की ताडपत्री ओढायची असा बेत होता.

रविवारी ती आली. शेडच्या दारातूनच म्हणाली, "काका, एक भारी गोष्ट सुचलीये. जिन्याखाली बाबांचं मशीन पडलंय ना? तेच दुरुस्त करून माझ्या होडीला लावू या."

मिस्त्रींचा हात ताडपत्रीच्या टोकावर होता. त्यांनी तो काढून घेतला.

"जुनं झालंय ते," ते म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडे आले. गावात दुसरं कोण करणार?"

ह्याच्यावर नाही कसं म्हणायचं?

मशीन गोणपाटात गुंडाळलेलं होतं. आणून स्टँडवर चढवलं तेव्हा वरच्या झाकणावर रंगाचा पत्ता नव्हता. त्यात नेमके त्याच दुपारी पोस्टमन टपकले. हे पोस्टमन केव्हाच निवृत्त झाले होते, पण टपाल वाटायची सवय सुटली नव्हती, त्यामुळे रोज दुपारी शेडमध्ये बसून ते गावभरच्या बातम्या वाटायचे.

"अरेच्चा! हे तर नावाड्याचं मशीन!" पोस्टमन स्टूल ओढून घेत म्हणाले. "ह्याचा आवाज मी झोपेत ओळखीन. काय माणूस होता हो! वारा काय, लाट काय, कशाला भ्यायचा नाही. शेवटच्या वर्षी मात्र बिचारा... आणि त्या वर्षी तर तुमच्या—"

"तो पाना द्या," मिस्त्री म्हणाले.

"कुठला?"

"कुठलाही."

पोस्टमननी पाना दिला आणि विषय माशांकडे वळवला.

वरचं इंजिन निघालं ठणठणीत. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, खालचं टोक पिंपात बुडवून दोरी ओढली, तर पठ्ठ्याने दोनचार वेळा खोकून सूर धरला. मिस्त्रींनी मनात शिवी हासडली. पण गिअर टाकला मात्र, आणि खालून खरखर ऐकू आली. कुणी खडे चावल्यासारखी. मिस्त्रींचे कान टवकारले. बोटीच्या मशीनला अगदी तळाशी, पंख्याच्या पुढे, माशाच्या आकाराची एक पेटी असते. वरून आलेली फिरकी तीत वळून पंख्याला मिळते. तीन गिअर, दोनचार बेअरिंगं आणि तेल, एवढाच तिचा संसार. पण ती सदा पाण्यात, त्यामुळे पाणी आत घुसलं की संसार बुडालाच.

त्यांनी पेटीचा खालचा स्क्रू काढला. आधी गढूळ पाणी आलं, मग तेल. तेल कसलं, घट्ट ताकासारखा पांढरट चिखल. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मिस्त्रींनी चुकचुकत मान हलवली असती. इथे त्यांना बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण बरं वाटलंच.

पंखा काढला. त्याच्या मागे मासे धरायच्या दोऱ्याचा हा गुंता बसलेला. पेटीच्या तळाचं झाकण बसवणारे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. ब्लो लॅम्पने शेकून, तेल पाजून, हातोडीने चुचकारून ते एकेक सोडवले. झाकण उचललं आणि मिस्त्री बघतच राहिले.

झाकणाच्या कडेने एक खाच असते. तीत रबराचं गोल पॅकिंग बसतं, पाणी आत येऊ नये म्हणून. इथे खाचेत रबर नव्हतं, नाडी होती. मेणात बुडवून, घट्ट दाबून बसवलेली नाडी. त्यांनी चिमट्याने टोक धरून ती उकलली, चिंधीने पुसली. निळा रंग निघाला. टोकाला बारीक, नीटनेटकी गाठ. बायकांच्या कपड्यांची, कमरेला बांधायची नाडी.

ती गाठ मिस्त्री ओळखत होते. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नाडीला, उशीच्या अभ्र्यापासून पिठाच्या पिशवीपर्यंत, अशीच गाठ असे.

मग त्यांच्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं ते काही केल्या पुसेना. तो नावाडी हसतोय, ही हसतेय, तो हिच्या कमरेची नाडी ओढून घेतोय, ही लटकं रागावतेय, आणि ती नाडी मशीनच्या पोटात जाऊन बसतेय, कायमची. ह्यांच्या संसारात अशी थट्टा कधी झाली होती? मिस्त्री आठवायला लागले. आठवेना. त्यांनी शेडचा दरवाजा ओढला आणि नुसतेच स्टुलावर बसून राहिले.

गिअरांवर चिखल तसाच होता. एका गिअरवरून त्यांनी बोट फिरवलं, तांबूस डाग दिसला. धुऊन बघायला हवं होतं. मिस्त्रींनी उभ्या जन्मात कधी मशीन न धुता त्याच्याबद्दल मत दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"गेलं ते," संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते ठकूला म्हणाले. "गिअरांचे दात झिजलेत. आता भंगारात."

ठकूचा घास हातातच राहिला. "सगळे?"

"सगळे. होणारच होतं. ही बघा तुमच्या नावाड्याची कारागिरी." त्यांनी खिशातून नाडी काढून टेबलावर टाकली. "पॅकिंगच्या जागी नाडी! कुठल्या शहाण्याचं काम म्हणायचं हे? लहान मूल करणार नाही असलं."

बायकोने हात पुसून नाडी उचलली. दिव्यापाशी धरली, अंगठ्याच्या नखाने मेण खरवडलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "अजून आहे होय ही."

"तुझीच ना?"

"माझीच. निळ्या परकराची."

"वा! बायकोची नाडी काढून मशीनला. प्रेम म्हणतात ते हेच असेल."

"त्यांनी नाही घातली," बायको म्हणाली. "ते शहाणपण माझं."

मिस्त्रींना आधी नीट कळलंच नाही.

"ते अंथरुणाला खिळले होते," ती ठकूकडे बघत सांगायला लागली. "तू एवढीशी. तुला नाही आठवायचं. होडी बंद म्हणजे चूल बंद. आणि त्यातच पेटीतून तेल गळायला लागलं. मी ती सोडवून त्यांच्या अंथरुणाशी आणली. ते पडल्यापडल्या सांगायचे, मी खोलायचे. मध्येच त्यांना ग्लानी यायची, मग मी माझ्या डोक्याने. पॅकिंग हातात घेतलं तर त्याचा भुगा झाला. नवं कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. मग मी परकराची नाडी काढली, मेणबत्ती वितळवून त्यात बुडवली आणि बसवली. ते म्हणाले, टिकायची नाही. मी म्हटलं, बघा तुम्ही."

"टिकली?" ठकूने विचारलं.

"टिकली तर. ते गेले त्यानंतरही टिकली."

"पण मग होडी चालवली कोणी?"

"कोण चालवणार? मीच. तुला टोपलीत घालून पुढ्यात ठेवायचे. माणसं, टपाल, कोंबड्या, सगळं नेलंय मी."

ठकू खुर्चीतून उठलीच. "आई! तू होडी चालवायचीस? आणि हे मला आज सांगतेस?"

आईने एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, फार वेळ नाही. "राहून गेलं सांगायचं," ती म्हणाली.

राहून का गेलं ते मिस्त्रींना समजलं. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तो रिकामा होता.

ताटं उचलताना बायको म्हणाली, "दात सगळे झिजलेत म्हणालात ना? उद्या येते मी बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच मिस्त्री शेडवर गेले. गिअर तीनही रॉकेलमध्ये टाकले, ब्रशने घासले, चिंधीने पुसले. एकावर गंजाचे पुसट डाग होते, तेही पाठीवर. दात अगदी शाबूत, कडा जशाच्या तशा. नावाड्याचं मशीन भंगारबिंगार काही नव्हतं. खरखर करणारं बेअरिंग तेवढं बदललं की पुढची कित्येक वर्षं ते ठकूला घेऊन जाणार होतं, आणि रोज सकाळी ती दोरी ओढताना म्हणणार होती, बाबांचं मशीन.

मिस्त्रींनी गिअर वाइसमध्ये आवळला. कानस घेतली. एवढ्या वर्षांत ज्या हाताने फक्त दुरुस्त्या केल्या त्या हाताने त्यांनी ती एका दातावर ठेवली आणि जोर लावून ओढली. गिअरचं लोखंड पाणी देऊन कडक केलेलं असतं, त्याच्यापुढे कानशीचं काय चालणार? ती चिरकून सरकली. दातावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"काय करताय?"

बायको दारात उभी होती. हातात चहाची किटली.

मिस्त्रींनी कानस पाठीमागे धरली. तिने किटली ठेवली, वाइस सोडवला, गिअर उजेडात धरून दातांवरून बोट फिरवलं. मग बाकीचे दोन्ही पाहिले.

"शाबूत आहेत," ती म्हणाली.

"हं."

"कानस मारत होतात."

"एकदाच मारली."

"एकदाच!" ती खाली स्टुलावर बसली. "अहो, मेलेल्या माणसाशी कसली मारामारी करताय? मला त्यांची आठवण येते, नाही असं नाही. पण ती वर्षाकाठी कधीतरी. रोज त्यांना घरात आणता ते तुम्ही. मी पाण्याकडे बघितलं की तुमचा चेहरा असा होतो, जसा काही तो माणूस खिडकीतून आत आलाय. मग मी बघणंच सोडलं. बोलणंच सोडलं."

"मग हे मशीन कशाला ठेवलंस इतकी वर्षं?" मिस्त्रींच्या तोंडून शेवटी निघालं. "होडी विकलीस ती विकलीस. हे जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून, दर उन्हाळ्यात बाहेर काढून पुसून. मला दिसायचं नाही असं वाटलं?"

बायको बघतच राहिली. "म्हणून होय?" ती म्हणाली. "त्यांच्यासाठी वाटलं तुम्हाला? अहो, माझ्यासाठी ठेवलं ते. जन्मात मी एकच मशीन उघडलं आणि परत जोडलं, आणि ते चाललं. ते काय भंगारात देऊ?"

मिस्त्रींनी कानस भिंतीवर तिच्या जागी लटकवली.

"मला कधी म्हणाली नाहीस, शेडवर येते म्हणून," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही एकदा तरी पाना हातात दिलात? मी डबा घेऊन आले की दारातूनच घेता. आत ग्रीस आहे, साडी खराब होईल."

हे खरं होतं. मिस्त्रींना वाटायचं आपण काळजी घेतोय.

ती उठून शेडमध्ये हिंडायला लागली. भिंतीवरचे पाने बघितले, पिंपात डोकावली, आणि कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली हिरवंगार, चकचकीत मशीन.

"हे कुणाचं?"

मिस्त्रींनी ताडपत्री परत ओढायला हात पुढे केला.

"ठकूचं," तिनेच उत्तर दिलं, आणि तिचा आवाज मऊ झाला. "हिरवं. कधी केलंत?"

"राहू दे. सांगू नकोस तिला. आता सांगितलं तर वाटेल, बरोबरी करतोय."

"करतायच की," बायको म्हणाली, आणि साडीचा पदर खोचून तिने बाह्या वर केल्या. "चला. बेअरिंग काढायचंय ना? मी काय धरू?"

पुढचं काम दोघांनी केलं. आधी पाणी आत आलं कुठून ते शोधलं. मिस्त्रींनी झाकणाची खाच भिंगातून पाहिली. आतल्या बाजूला गंजाची रेघ नव्हती. मग पंख्याच्या दांड्याचं सील काढून पाहिलं. मासे धरायच्या दोऱ्याने ते कापलेलं होतं, सुरीने कापावं तसं. पाणी तिथून शिरलं होतं. नाडीने आपलं काम चोख केलं होतं. हे आपल्या तोंडाने सांगावं लागणार हे मिस्त्रींच्या जिवावर आलं, तरी ते म्हणाले, "तुझ्या बाजूने थेंब आलेला नाही."

"मी म्हटलं होतं," बायको म्हणाली, आणि त्यांना क्षणभर कळलं नाही की ती आपल्याला सांगतेय की त्याला.

बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावला तरी ते हलेना. तिने पेटी घट्ट धरली, त्यांनी शेकलं, आणि ठो असा आवाज होऊन ते सुटलं तेव्हा दोघंही मागे हेलपाटले. नवं बेअरिंग बसवताना तिने लाकडाचा तुकडा अचूक मधोमध धरला. "हे कुणी शिकवलं?" असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. मग वाटलं, गिळून तरी काय मिळवलं आजवर? "हे त्याने शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"छे. फळीवर खिळे ठोकायची मी लहानपणी. माझ्या वडिलांचं सुतारकाम."

हेही त्यांना माहीत नव्हतं. सासरे सुतार होते हे माहीत होतं, हिच्या हातात हातोडी होती हे नाही. मिस्त्रींना वाटायला लागलं, आपण एका बाईबरोबर राहतो आणि निम्मी बाई आपल्याला अजून भेटलेलीच नाही. आणि ह्या निम्म्या बाईला तो नावाडी भेटला होता. जळणं थांबलं नव्हतं. उलट आता जळायला नेमकं कारण सापडलं होतं. पण हात कामात होते आणि ती शेजारी होती, त्यामुळे धग जरा कमी लागत होती.

सगळं बसल्यावर तपासणी. वरच्या भोकातून सायकलच्या पंपाने पेटीत हवा भरायची आणि ती पिंपात बुडवायची. बुडबुडे आले नाहीत तर पाणीही जाणार नाही. मिस्त्रींनी पेटी बुडवली. झाकणाच्या कडा गप्प. आणि मागून, पंख्याच्या दांड्यापासून, बुडबुड्यांची माळच्या माळ वर आली.

नवं सील उलटं बसलं होतं. त्याची ओठासारखी कड आत हवी ती बाहेर. ते मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

बायको पिंपात बघत होती. "कुठल्या शहाण्याचं काम म्हणायचं हे?" तिने विचारलं.

मिस्त्रींचे कान लाल झाले. मग आधी तिला हसू फुटलं आणि नंतर त्यांनाही, इतकं की पोस्टमन नेमके दारात येऊन उभे राहिले ते आत यावं की नाही ह्या विचारात पडले.

"या, या," मिस्त्री म्हणाले. "त्या दिवशी काय सांगत होतात? शेवटच्या वर्षी काय?"

पोस्टमननी आधी बायकोकडे बघून घेतलं. "हेच की, त्या वर्षी तुमच्या मंडळींनी पूर आला तरी माझी टपालाची पिशवी पलीकडे नेली. मी काठावर थरथरत उभा आणि ह्या मला ओरडून सांगतायत, बसा नाहीतर घरी जा."

"आणि तुम्ही?"

"घरी गेलो," पोस्टमन म्हणाले. "पिशवी गेली."

ताडपत्रीखालचं गुपित बायकोने पोटात ठेवलं नाही, संध्याकाळीच ठकूला सांगून टाकलं. ठकू तडक शेडवर आली. हिरव्या मशीनभोवती तिने दोन फेऱ्या मारल्या आणि मिस्त्रींवरच तोंड सोडलं. "एवढं केलंत आणि झाकून ठेवलंत? काका, कमाल आहे तुमची! तोंडाने बोलायला काय होतं तुम्हाला?" मग तिने आपणच ठरवून टाकलं. खाडी शांत असते तेव्हा बाबांचं जुनं, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की हे दणकट हिरवं. मिस्त्रींनी मनातल्या मनात पावसाळ्याचे महिने मोजले आणि पावसाळा अजून थोडा मोठा असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

ठरलेल्या दिवशी, भरतीच्या पाण्यात, जुनं मशीन ठकूच्या होडीला लागलं. मिस्त्रींनी बोल्ट आवळले, तेल पुन्हा एकदा पाहिलं. ठकू म्हणाली, "आई, पहिली फेरी तू घ्यायची."

आई नाही नाही म्हणाली आणि म्हणता म्हणता मागच्या फळीवर जाऊन बसली. तिने होडी वळवायचा दांडा काखेत धरला, दुसऱ्या हाताने दोरी ओढली. मशीन लागलं. गिअर टाकला, खरखर नाही, काही नाही, नुसता पंख्याने पाणी धरल्याचा भरदार आवाज. होडी काठापासून सुटली. मिस्त्री धक्क्यावर उभे राहून बघत होते. ती पाठ ताठ करून बसली होती, मान जरा तिरकी, नजर लांब. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण कुणीतरी पाहिलं होतं. अंथरुणावर पडून, खिडकीतून कदाचित, रोज.

होडी वळली आणि परत आली.

"या की," बायको म्हणाली. "उभे काय राहिलात?"

मिस्त्री चढले. मागे तिच्याजवळच्या फळीवर बसले, कारण पुढे ठकू होती. पाण्याचे शिंतोडे अंगावर येत होते.

"कसा होता गं तो?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने दांडा तसाच धरून ठेवला. खरंच विचारतायत ना, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर तपासलं.

"घोरायचे," ती म्हणाली. "भयंकर. शेजारचे भिंतीवर ठोकायचे."

ठकूने वळून पाहिलं. मिस्त्रींना फार बरं वाटलं. "आणि?"

"आणि पाणी कसं बघायचं ते शिकवलं त्यांनी मला. कुठे खोल, कुठे वाळू. होडीत बसवून हळूहळू न्यायचे आणि म्हणायचे, रंग बघ. आम्ही तासन्‌तास..." ती थांबली. जुन्या सवयीने थांबली.

मिस्त्रींनी होडीची कड घट्ट धरली.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "सांग पुढे."

ती सांगायला लागली. मशीनच्या आवाजात ऐकू येईना तशी ठकूही सरकत सरकत जवळ आली, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत आई बोलत होती.